यवतमाळच्या भाऊंना उत्तर: नव्वद हजारात पोराला गेमिंग लॅपटॉप कोणता घ्यायचा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलाला पुण्याला मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली, हॉस्टेलवर राहणार, बजेट ९० हजार, फार ताणलं तर ९५. त्याला गेमिंगवालाच लॅपटॉप पाहिजे आणि तो म्हणतो कॅडला (कॉम्प्युटरवर मशीनची ड्रॉइंग काढायला) पण तोच लागतो. दुकानदाराने तीन कोटेशन दिलेत. पहिलं कोअर आय ७ १३६२०एच प्रोसेसर, सोबत आरटीएक्स ३०५० सहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी. दुसरं आय ५ १३४५०एचएक्स, आरटीएक्स ४०५०, १६ जीबी, ५१२ एसएसडी. तिसरं रायझन ७ ७४३५एचएस, आरटीएक्स ४०६०, १६ जीबी, ५१२, आणि हे बरोबर ९५ ला टेकतंय. दुकानदार म्हणतो आय ७ घ्या, पोरगं म्हणतं ४०६० च पाहिजे, आणि न्यू जर्सीचे मेहुणे म्हणतात थांबा, डिसेंबरला येताना मी आणतो. आता कोणाचं ऐकायचं असं तुम्ही विचारलंय.

मी नागपुरात लॅपटॉप रिपेअरिंग करतो, विकत नाही. माझ्या टेबलावर येतात ते उघडून ठेवलेले, दोन-तीन उन्हाळे काढलेले लॅपटॉप, म्हणून माझं बोलणं दुकानातल्या माणसापेक्षा थोडं वेगळं वाटेल. माझं म्हणणं एवढंच की गेमिंग लॅपटॉप घेताना लोक चिपचं नाव बघतात, आणि खेळताना कामाला येतात ते त्या चिपला मिळणारे वॅट आणि ती उष्णता बाहेर फेकणारे पंखे. बाकी सगळं यानंतर.

आधी पोराचं कॅडचं कारण. अर्धं खरं आहे ते. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्समधे जे छोटे पार्ट, असेंब्ली काढतात त्याला ४०६० वगैरे लागत नाही, तिथे प्रोसेसरचा एका कोअरचा वेग आणि १६ जीबी रॅम असली की झालं. पुढे मोठ्या असेंब्ली, सिम्युलेशन, रेंडरिंग आलं तर ग्राफिक्स कार्ड मदत करतं, पण त्यासाठीसुद्धा या तिन्हीतलं कुठलंही चालेल. म्हणजे ३०५० पासून ४०६० पर्यंत जो जास्तीचा पैसा जातोय तो सरळ सरळ खेळायला जातोय. द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी पोराच्या बाजूने आहे, चार वर्षं घरापासून लांब राहणार तर खेळू द्या, फक्त अभ्यासाच्या नावावर घेऊ नका म्हणजे नंतर दोघांची कुरबुर होणार नाही.

आता पहिलं कोटेशन. आय ७ बघून आपल्याला वाटतं हे वरचं मॉडेल. पण हा १३६२०एच म्हणजे ६ मोठे कोअर, ४ छोटे कोअर, १६ थ्रेड. आणि दुसऱ्या कोटेशनमधला आय ५ १३४५०एचएक्स? तो पण ६ मोठे, ४ छोटे, १६ थ्रेड. आय ७ चा वरचा क्लॉक म्हणजे वेग थोडा जास्त आहे, कॅशे (चिपमधली छोटी मेमरी) २४ एमबी आणि याची २०, बस. गेम खेळताना हा फरक डोळ्याला दिसत नाही. स्टिकरवर ७ लिहिलंय म्हणून माणूस सुखावतो आणि त्याच मशीनमधे ग्राफिक्सला ३०५० टाकलेलं असतं, जिथे खरा गेम चालतो. ३०५० सहा जीबी वाईट कार्ड नाही, व्हॅलोरंट, जुनं जीटीए, क्रिकेटचे गेम मस्त चालतात, पण ते ४० सिरीजच्या एक पिढी मागचं आहे, डीएलएसएसचं अपस्केलिंग (छोटं चित्र काढून मोठं करणं) त्यात आहे पण फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम स्वतः तयार करणं) नाही, ते ४० सिरीजपासून पुढे. ७० हजाराच्या आत कोणी देत असेल तर बोला, ९० च्या बजेटमधे नको. दुकानदार त्याच्यावर काहून जोर देतोय ते तुम्ही समजून घ्या, स्टॉक पडून असतो.

प्रोसेसरच्या नावात शेवटची अक्षरं बघायची सवय लावा. यू असेल तर बॅटरी वाचवणारा, हलक्या लॅपटॉपचा. एच म्हणजे नेहमीचा गेमिंगवाला. एचएक्स म्हणजे मुळात डेस्कटॉपची चिप लॅपटॉपमधे बसवलेली, ताकद जास्त, भूक पण जास्त. रायझनच्या ७००० सिरीजमधे चार आकड्यांपैकी तिसरा आकडा बघा, तो ३ असेल तर झेन ३ किंवा ३ प्लस म्हणजे जुनी बनावट, ४ असेल तर झेन ४. म्हणून ७४३५ नाव ऐकायला नवीन वाटतं पण तिसरा आकडा ३ आहे, चिप आतून जुनीच. आठ कोअर आहेत, गेमला पुरतात, तिथे माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे आणि ती दुकानात कोणी सांगणार नाही. या ७४३५एचएस मधे स्वतःचं इंटिग्रेटेड ग्राफिक्स नाहीच. बाकी गेमिंग लॅपटॉपमधे दोन ग्राफिक्स असतात, साधं काम असेल तेव्हा प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स चालतं आणि एनव्हीडिया कंपनीचं आरटीएक्स झोपून राहतं, त्यामुळे बॅटरी टिकते. इथे छोटं नाहीच, म्हणजे पोरगं लेक्चरला पीडीएफ उघडून बसलं तरी ४०६० जागंच. ६० वॅट-अवरच्या आसपासची बॅटरी असेल तर दोन-अडीच तासात प्लग शोधावा लागतो. हॉस्टेलच्या टेबलावर प्लगला लावूनच वापरणार असेल तर काही फरक पडत नाही, पण रोज कॉलेजात न्यायचा असेल तर हे आधी माहीत पाहिजे, घेतल्यावर कळलं की बॅटरी खराब आहे म्हणून सर्व्हिस सेंटरच्या चकरा सुरू होतात आणि तिथे ते सांगतात बॅटरी ओके आहे, आणि ती खरंच ओके असते.

आता वॅटचं. हे नीट वाचा, पैसे इथेच बुडतात. आरटीएक्स ४०६० असं नुसतं काही नसतं. एनव्हीडियाने लॅपटॉप बनवणाऱ्यांना मुभा दिलीय की हीच चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही चालवा, वर डायनॅमिक बूस्टचे २५ धरले तर १४०. याला टीजीपी म्हणतात. म्हणजे दोन लॅपटॉपवर एकच हिरवा स्टिकर, एकात ४५ वॅटची ४०६० आणि दुसऱ्यात १४० ची. ४५ ची ४०६० ही ९५-१०० वॅटच्या ४०५० कडून मार खाते, हे लक्षात ठेवा. पाच एचपीची मोटर बसवली आणि पाईप अर्ध्या इंचाचा लावला तसला प्रकार. पातळ, दिसायला सुंदर, वजनाला हलके जे गेमिंग लॅपटॉप असतात त्यात हा धोका जास्त, कारण एवढ्याशा जागेत उष्णता काढायला जागाच नसते मग वॅट कमी ठेवावे लागतात. पण उलट पण सांगतो, १०० च्या वर गेलं की ४०५० आणि ४०६० ला फार फायदा होत नाही, म्हणून ११५ चं घ्यावं का १४० चं यात डोकं घालू नका. ८० च्या खाली असेल तर मात्र दोनदा विचार करा.

हा आकडा बॉक्सवर क्वचितच असतो. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमधे, बऱ्याचदा अगदी खाली बारीक अक्षरात असतो, मॅक्स ग्राफिक्स पॉवर किंवा टीजीपी म्हणून. मॉडेलचा पूर्ण नंबर पाहिजे पण, नुसतं नाव नाही, कारण एकाच नावाखाली पाच-सहा प्रकार विकतात आणि प्रत्येकाचे वॅट, स्क्रीन, बॅटरी वेगळी असते. दुकानात मशीन चालू असेल तर एनव्हीडिया कंट्रोल पॅनल उघडा, हेल्पमधे सिस्टिम इन्फॉर्मेशन, तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर लिहिलेली दिसते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दुकानदाराने नाही म्हटलं तर त्या दुकानातून निघा.

आणि हो, पोराने यूट्यूबवर जे ४०६०, ४०७० चे व्हिडिओ बघितले असतील त्यातले निम्मे डेस्कटॉपचे असतात. लॅपटॉपचं ४०७० आणि डेस्कटॉपचं ४०७० ही एक चीज नाहीच, डेस्कटॉपवाल्यात १२ जीबी मेमरी आणि ५८८८ कोअर, लॅपटॉपवाल्यात ८ जीबी आणि ४६०८. नाव तेच ठेवलं कंपनीने, विकायला सोपं जातं. म्हणून लॅपटॉपचं ४०७० हे पैशाच्या मानाने मला कधीच पटलं नाही, मेमरी ४०६० एवढीच आठ जीबी आणि किंमत कुठल्या कुठे. २०२५ मधे ५० सिरीज आली तरी ५०७० लॅपटॉपला आठच जीबी ठेवलीय. बारा जीबी पाहिजे तर ५०७० टीआय, आणि ते तुमच्या बजेटमधे नाही, सोडा.

मेमरीचं महत्त्व मी का सांगतोय तर ग्राफिक्सची मेमरी नंतर वाढवता येत नाही. रॅम वाढवता येते, एसएसडी वाढवता येते, व्हीरॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, जेवढी घेतली तेवढीच. आजच्या नव्या मोठ्या गेमना १०८०पी वर टेक्श्चर (भिंती, कपड्यांवरची नक्षी) हाय ठेवले तर ६ जीबी अपुरी पडायला लागलीय. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठीक दिसतो पण मधेच झटका बसतो, कॅमेरा फिरवला की अडखळतो, टेक्श्चर धूसर येतात. सेटिंग मीडियमला आणलं की ठीक होतं. चार वर्षं वापरायचं असेल तर ८ जीबी घ्या हा माझा सरळ सल्ला, आणि म्हणून पोराचा ४०६० चा हट्ट चुकीचा नाही, फक्त त्यामागचं त्याचं कारण बरोबर आहे का ते त्यालाच विचारा.

म्हणजे तिसरं घ्यायचं का? थांबा. दुकानदाराला एक चौथं कोटेशन मागा. आरटीएक्स ५०५० वाला, त्यात ८ जीबी आहे आणि ती पण नव्या जीडीडीआर७ प्रकारची, गेममधे ४०६० च्या जवळपास जातं, सोबत इंटेलचा एच किंवा एचएक्स किंवा असा रायझन ज्याच्यात इंटिग्रेटेड ग्राफिक्स आहे. किंवा तो १३४५०एचएक्स सोबत ४०६० मिळतंय का बघा. यातलं काही ९५ च्या आत बसलं तर तेच घ्या, बॅटरीचा प्रश्न पण मिटतो आणि मेमरीचा पण. नाहीच मिळालं तर तिसरं, पण वॅट बघून, आणि पोराला बॅटरीचं सांगून. दुसरं, म्हणजे सहा जीबीच्या ४०५० वालं, हे मी तेव्हाच म्हणेन जेव्हा ते तिसऱ्यापेक्षा निदान पंधरा हजाराने स्वस्त असेल. फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्या पोराला ते पण जास्तच आहे, तो गेम ग्राफिक्सपेक्षा प्रोसेसरवर चालतो.

व्हॅलोरंटचं निघालंच आहे तर, पोरगं पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) कमी येण्यासाठी महाग लॅपटॉप मागत असेल तर ते गणित चुकीचं आहे, पिंग इंटरनेटवर आणि सर्व्हरच्या अंतरावर असतं, मुंबईला सर्व्हर आहे, हॉस्टेलच्या वायफायवर चाळीस पोरं रील बघत असतील तर कुठलंही आरटीएक्स काही करू शकत नाही. लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप घ्या आणि एक केबल घेऊन द्या. जीटीए ६ साठी पाहिजे म्हणत असेल तर तो कन्सोलसाठी जाहीर झालाय, पीसीची तारीखच दिलेली नाही, त्याच्या नावावर आज पैसे खर्च करू नका.

आता उष्णता. हा आपल्याकडचा विषय आहे, परदेशातल्या रिव्ह्यूमधे तो सापडणार नाही, ते लोक बावीस-पंचवीस डिग्रीच्या खोलीत टेस्ट करतात. खेळताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून दीडशे वॅटपर्यंत उष्णता तयार होते, दोन-सव्वादोन किलोच्या डब्यात. पंखा ही उष्णता खोलीतल्या हवेत टाकतो, तो काही एसी नाही, खोलीच्या तापमानाच्या खाली तो जाऊच शकत नाही. म्हणजे खोली २५ ची ४० झाली की चिपचं तापमान साधारण तेवढंच वर चढायला बघतं. इंटेलचा प्रोसेसर १०० ला लगाम घालतो, एनव्हीडियाचं ग्राफिक्स ८७ च्या आसपास. तिथे पोचलं की चिप स्वतःचा वेग कमी करते, त्यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. मे महिन्यात यवतमाळला सुट्टीत आलेलं पोट्टं दुपारी बिना एसीच्या खोलीत खेळायला बसलं की जो लॅपटॉप पुण्यात ९० एफपीएस देत होता तो साठावर येतो आणि घरात भांडण, की बिघडला. बिघडलेला नसतो.

म्हणून लॅपटॉप उलटा करून बघा. खालच्या बाजूला हवेच्या जाळ्या मोठ्या आहेत का, मागे आणि बाजूला गरम हवा निघायला तोंड किती आहेत, दोन पंखे आहेत ना. गरम हवा उजव्या बाजूला जोरात फेकणारं मॉडेल असेल तर माऊसच्या हाताला चटका बसतो, मागे फेकणारं बरं. रिव्ह्यू बघताना अर्ध्या तासानंतरचे आकडे बघा, पहिल्या पाच मिनिटात सगळेच धावतात.

वापरताना काय करायचं ते पण सांगून टाकतो कारण यातले निम्मे लॅपटॉप माझ्याकडे याच कारणाने येतात. गादीवर, ब्लँकेटवर ठेवून खेळायचं नाही, हवा खालून आत जाते, गादीने तोंड बंद होतं. मागची बाजू इंच-दीड इंच उचलली की बराच फरक पडतो, त्यासाठी दोन हजाराचा लाइटवाला कूलिंग पॅड लागत नाही, लाकडी पट्टी पण चालते. गेममधे एफपीएस लिमिट लावा, स्क्रीन १४४ हर्ट्झची आहे (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलते) म्हणून कथेचा गेम १४४ वरच चालला पाहिजे असं नाही, ६० किंवा ७५ ला बांधला की तापमान पण उतरतं आणि पंख्याचा आवाज पण. आणि हे आपल्या विदर्भवाल्यांसाठी खास, पाण्याच्या कूलरच्या झोतात लॅपटॉप ठेवून खेळू नका. थंड वाटतं, पण त्या हवेत ओल असते, बारीक तुषार असतात, कूलरचं पाणी बोअरचं म्हणजे क्षाराचं, ते पंखा आत ओढतो आणि बोर्डावर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर बसतो. असा बोर्ड दुरुस्त होईलच याची खात्री कोणी देत नाही. वॉरंटीत पण लिक्विड डॅमेज म्हणून हात वर करतात.

साफसफाई वर्षातून एकदा तरी. पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या मधे धूळ आणि कापडाच्या तंतूंचा नमद्यासारखा थर बसतो, बाहेरून काही दिसत नाही, पंखा तर फिरत असतो, हवा मात्र निघत नाही. काही लोक पेट्रोलपंपावर नेऊन टायरच्या हवेने उडवतात, अरे बाबांनो नका करू, त्या हवेत पाणी असतं आणि पंखा उलटसुलट वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. ब्लोअर मारायचाच असेल तर पंख्याचं पातं काडीने अडवून धरायचं. थर्मल पेस्ट (चिप आणि तांब्याच्या मधे लावतात ती) दोन-तीन वर्षांनी बदलायची, हल्ली साध्या पेस्टपेक्षा फेज चेंज पॅड चांगला टिकतो, पीटीएम ७९५० नावाचा मिळतो, मी तोच लावतो. लिक्विड मेटल घरी करून बघू नका, ते वीज वाहून नेतं, थेंब बाजूला गेला की बोर्ड संपला.

स्क्रीनकडे लोक हर्ट्झ बघतात, रंग बघत नाहीत. १४४ हर्ट्झ आता सगळीकडेच आहे. बघायचं ते हे की १०० टक्के एसआरजीबी आहे का ४५ टक्के एनटीएससी. दुसरा प्रकार म्हणजे फिके, धुतल्यासारखे रंग, लाल विटकरी दिसतो. ब्राइटनेस २५० निट्स असेल तर खिडकीजवळ बसून काही दिसत नाही, ३०० च्या वर बघा. दोन मॉडेल शेजारी ठेवून एकच फोटो उघडा, लगेच कळेल.

रॅमबद्दल पूर्वी मी सांगायचो की ८ जीबी घ्या आणि रॅमची दुसरी काडी (स्टिक) स्वस्तात टाका. आता नाही सांगत. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी सगळी उचल केलीय, एसएसडी पण महागल्या. त्यामुळे सुरुवातीलाच १६ जीबी असलेला घ्या, आणि ती दोन काड्यांत आहे का एका हे विचारा. ८ आणि ८ असेल तर ड्युअल चॅनल चालतं म्हणजे दोन्ही काड्या एकत्र काम करतात, प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममधे त्याचा फायदा दिसतो, मधले झटके कमी होतात. १६ ची एकच काडी असेल तर आज थोडं कमी पण उद्या दुसरी टाकायला जागा मोकळी. दोन्ही चालेल, फक्त रॅम सोल्डर केलेली नको. टास्क मॅनेजरमधे मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट वापरलेत ते दिसतं.

५१२ ची एसएसडी विंडोजला ४७६ जीबी दिसते, विंडोज आणि बाकी सामान जाऊन चारशेच्या आसपास हातात राहते. रेड डेड रिडेम्प्शन २ एकटा १५० मागतो, बाल्डर्स गेट ३ पण १५०. म्हणजे दोन मोठे गेम आणि सॉलिडवर्क्स झालं की लाल पट्टी. आणखी एक एसएसडी बसवायला दुसरा एम डॉट टू स्लॉट रिकामा आहे का एवढं विचारून ठेवा, लगेच घ्यायची गरज नाही.

मक्स स्विच नावाची एक गोष्ट असते. एरवी एनव्हीडियाने काढलेलं चित्र छोट्या ग्राफिक्समधून फिरून स्क्रीनवर जातं, मक्स असला की थेट जातं, जास्त एफपीएसच्या गेममधे फरक कळतो. असला तर चांगलं, नसला म्हणून मॉडेल सोडू नका. बाहेरचा मॉनिटर लावला तर बऱ्याच मॉडेलमधे एचडीएमआय थेट एनव्हीडियालाच जोडलेलं असतं, मग प्रश्नच नाही.

बॅटरीवर गेम खेळायचा विचार सोडा. ६० वॅट-अवरची बॅटरी आणि मशीन मागतंय दीडशे वॅट, हिशोब केला तर पंचवीस मिनिटंसुद्धा नाही, आणि बॅटरी तेवढा करंट देऊ पण शकत नाही म्हणून मशीन स्वतःच वेग पाडतं. विमानात १०० वॅट-अवरपर्यंतच विनापरवानगी नेता येते, म्हणून कितीही महाग लॅपटॉप घ्या बॅटरी ९९ च्या पुढे जात नाही. कायम प्लगला असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधे ८० टक्के चार्ज लिमिट लावून ठेवा, नाहीतर दोन वर्षात बॅटरी फुगते आणि टचपॅड वर उचललं जातं. फुगलेली बॅटरी घेऊन माणसं पुढचे चार महिने वापरतात, तसं करू नका, लगेच काढा.

अडॅप्टर ओरिजिनलच. २००-२३० वॅटचा असतो, विटेएवढा, अर्धा किलोच्या वर वजन, बॅगेत लॅपटॉपसोबत हा पण धरा. मॉडेल यूएसबी सी वर चार्जिंग घेत असेल तर १०० वॅटचा चार्जर लावून लेक्चर होतं, गेम नाही होत. हॉस्टेलच्या बोर्डाला अर्थिंग आहे का एकदा इलेक्ट्रिशियनला टेस्टरने बघू द्या, नसेल तर लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येतात आणि लोकांना वाटतं लॅपटॉपमधे शॉर्ट आहे. थ्री पिनची अर्थवाली पिन तोडून टू पिनमधे घालणारे पण बघितलेत मी, काय बोलायचं. घरी साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर त्याच्यावर गेम चालू ठेवू नका, अडॅप्टर गुणगुणतो आणि तापतो. प्युअर साइन वेव्ह असेल तर हरकत नाही.

बिजागरी. याच्याबद्दल कोणी विचारत नाही आणि माझ्याकडे याची कामं पण भरपूर येतात. बजेट मॉडेलमधे बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमधे बसवलेल्या पितळी नटात जातात, एका कोपऱ्याला धरून रोज उघडलं की ते नट उखडतात, मग स्क्रीनची कड फाटते. दुकानात स्क्रीन मधोमध बोट लावून उघडा, खालचा भाग उचलला जातोय का, झाकण पिळलं तर किती वाकतंय बघा. आणि पोराला मधून उघडायची सवय लावा, याला पैसे लागत नाहीत.

सर्व्हिसचं पुण्याचं बघा, यवतमाळचं नाही, कारण वर्षातले दहा महिने मशीन तिथे असणार. ऑनसाइट वॉरंटी आहे का, म्हणजे माणूस हॉस्टेलवर येणार का आपण सेंटरला न्यायचं, हॉस्टेलचा पिन कोड टाकून कंपनीकडे विचारा. ब्रँड कुठला हे तुम्ही विचारलं होतं, लोक नायट्रो का व्हिक्टस का लॉक का टफ (एसर, एचपी, लेनोवो, असुसच्या गेमिंग सिरीज) यावर तासन् तास भांडतात, माझ्या मते या किमतीत मॉडेल नंबर आणि जवळचं सर्व्हिस सेंटर बघा, ब्रँडवर जाऊ नका, प्रत्येकाचे चांगले पण आहेत आणि रद्दी पण. पैसे उरले तर ॲक्सिडेंटल डॅमेजचं कव्हर घ्या, हॉस्टेल आहे, चहा सांडणार. ते खरेदीच्या वेळीच स्वस्त पडतं. बिल जीएसटीचं, त्यावर सिरियल नंबर लिहिलेला, आणि तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी आजपासून सुरू होतेय ना बघा, डेमोला ठेवलेल्या पीसची वॉरंटी कधीकधी चार महिने आधीच चालू झालेली असते. कोटेशन फारच स्वस्त वाटलं तर त्यात ओरिजिनल विंडोज आहे का विचारा, काही मॉडेल विंडोजशिवाय येतात आणि दुकानात चोरीचं टाकून देतात.

आता मेहुणे. त्यांचा हेतू चांगला आहे आणि अमेरिकेत कधीकधी सेलमधे खरंच स्वस्त मिळतो. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम ड्युटीशिवाय आणता येतो, त्यांचा स्वतःचा ऑफिसचा पण सोबत असेल तर दुसऱ्यावर प्रश्न येऊ शकतो. व्होल्टेजचा अडथळा नाही, अडॅप्टर १०० ते २४० वर चालतो, फक्त भिंतीकडची वायर बदलायची. अडचण वॉरंटीची, गेमिंग मॉडेलवर ती बऱ्याचदा ज्या देशात घेतलं तिथलीच असते, आणि तिथलं मॉडेल इथे विकलंच जात नसेल तर बोर्ड, स्क्रीन, कीबोर्ड मिळवायला मला पण घाम फुटतो. त्यांना म्हणावं आधी कंपनीला ईमेल करून भारतात वॉरंटी चालेल का हे लेखी घ्या. चालत असेल आणि फरक पंचवीस-तीस हजाराचा असेल तर थांबा, पण डिसेंबरपर्यंत पोरगं पहिलं सेमिस्टर कशावर करणार ते बघा. तसं नसेल तर दसरा-दिवाळीच्या सेलपर्यंत एखादा जुना लॅपटॉप चालवून घेता आला तर इथेच चार-पाच हजार सुटतात, बँकेच्या कार्डाच्या ऑफरमुळे. जुना गेमिंग लॅपटॉप ओळखीशिवाय, बिलाशिवाय घेऊ नका, एवढंच त्याबद्दल.

उद्या दुकानात जाऊन तिसऱ्या कोटेशनचा पूर्ण मॉडेल नंबर, ग्राफिक्सचे वॅट आणि स्क्रीनचं एसआरजीबी हे तीन कागदावर लिहून मागा, आणि सोबत ५०५० वाल्याचा भाव. वॅट ८० च्या खाली निघाले तर ४०६० असूनही घेऊ नका, मग ५०५० वाला, तो पण बजेटमधे बसत नसेल तर ९५ वॅटच्या वरचा ४०५० घ्या आणि उरलेल्या पैशात तो कव्हरवाला प्लॅन.